नेवरीची कड

त्या हिवाळ्यात मी ज्या पोस्टवर होतो तिचं नाव सांगत नाही. सांगायचं नसतं, आणि सांगितलं तरी तुम्हाला नकाशात सापडणार नाही. बारा जणांची पोस्ट. मी नायब सुभेदार, म्हणजे पोस्टचा मालक, बाप आणि मास्तर मीच. माझं गाव कसालच्या आत, भात आणि काजूचं. थंडी म्हणजे सकाळी अंगणात शेकोटी, एवढंच लहानपणी ठाऊक.

नोव्हेंबरात बर्फाने खिंड बंद झाली. वरचा माणूस वर राहिला, खालचा खाली. त्यानंतर फक्त हेलिकॉप्टर, तेही हवामानाच्या मर्जीने. रॉकेल, रेशन, टपाल टाकायचं आणि पंखा न थांबवता परत जायचं. त्यातून माणूस खाली न्यायचा तर तो जखमी किंवा आजारी पाहिजे. दुसऱ्या कुठल्याही कारणाला त्यात जागा नव्हती.

गावात लोक विचारतात, शत्रू किती लांब होता? शत्रूचं काय घेऊन बसलात. आम्हाला बूट चढवायला अर्धा तास लागायचा. बर्फ वितळवून पाणी करायचं, बुखारी, म्हणजे रॉकेलची लोखंडी शेगडी, विझू द्यायची नाही, आणि रोज संध्याकाळी प्रत्येकाची बोटं तपासायची. काळी पडलेली बोटं माणूस लपवतो, म्हणून मी स्वतः मोजे काढायला लावायचो. हा दिनक्रम. त्यात शौर्य शोधू नका.

माझ्या मुलखातला एकच जवान पोस्टवर होता. लान्स नायक इनास फर्नांडिस, मालवणच्या किनाऱ्यावरचा. बाप लहानपणीच गेलेला. घरी आई आणि मोठी बहीण लुसी. काका लोक रापणकर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, त्यामुळे दोर, गाठ, ताण ह्या गोष्टी त्याच्या हातात लहानपणापासून मुरलेल्या. बर्फात चालताना माणसं एकमेकांना बांधतात त्या रोपवर त्याच्याइतका भरवशाचा माणूस माझ्याकडे नव्हता. पोस्टवर कामाचं बोलणं हिंदीत, पण आम्ही दोघं एकटे असलो की मालवणी बोलायचो. घाटावरची पोरं चिडवायची, "साहेब आणि इनास भांडतायत की बोलतायत?"

डिसेंबर लागला आणि इनासने नाताळ काढला. पाणी वितळवताना तोच विषय. त्याच्या घरचा नाताळ आम्हा अकरा हिंदूंना अगदी पाठ झाला. पंधरा दिवस आधी नारळाच्या करवंटीत नाचणी पेरायची. ती हिरवीगार उगवली की गोठ्यात ठेवायची, येशूबाळाच्या आजूबाजूला शेत म्हणून. बांबूच्या कामट्यांची आणि पतंगाच्या कागदाची चांदणी करून माडाला टांगायची. तांब्याच्या मोठ्या भांड्यात दोदोल: नारळाचा रस, तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ. तो घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने घोटायचा, हात थांबला की तळाला लागला. मैद्याची गोड कुलकुलं नव्या फणीवर वळायची. रात्री इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मिसा, सकाळी क्रोशाच्या रुमालाने झाकलेली ताटं शेजारी पोचवायची. पहिलं ताट सुलूकाकीकडे. सुलूकाकी म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली हिंदू शेजारीण. दिवाळीला तिचा फराळ इकडे, नाताळला ह्यांचं ताट तिकडे.

आणि नेवऱ्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच. पण हे मी म्हटलं की इनास पेटायचा.

"करंजी खंय, नेवरी खंय, साहेब! आमची आवस मुरड घालता, हातान. तुमी कातण फिरवतास."

कातण म्हणजे ते दातेरी चाक, करंजीची कड कापायचं. माझ्या घरीही कातणच. इनासची आई त्याला हात लावत नसे. कातलेली कड बघून ती म्हणायची, "गोरवान चावल्यासारी दिसता," म्हणजे गुराने चावल्यासारखी. हे वाक्य इनास आईच्या आवाजात म्हणून दाखवायचा आणि पोरं हसून लोळायची.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला एका दुपारी वायरलेस सेटवर कंपनी कमांडर आले.

"परब साहब, अकेले हो? ओव्हर."

"अकेला, सर. ओव्हर."

"फर्नांडिस की माँ नहीं रही. घरवालों ने मिट्टी दे दी है. उसे नीचे नहीं ला सकते. बताना नहीं है. समझे? ओव्हर."

"रॉजर, सर."

"घर से बहन की भी यही रिक्वेस्ट है. आउट."

हा हुकूम क्रूर होता. बरोबरही होता, असं मी आजही म्हणतो. आधीच्या एका टर्नला शेजारच्या पोस्टवर एका जवानाला भावाच्या मरणाची बातमी दिली होती. तो पहाऱ्यावर गेला, हातमोजे काढून बर्फात बसला आणि दोन्ही हात घालवून खाली आला. वर दुःखाला जागा नसते. खाली आल्यावर मी स्वतः सांगीन, असं मनाशी ठरवलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर नजर ठेवली.

आठवड्यातून एकदा सॅटेलाइट फोन मिळे, माणशी जेमतेम दोन मिनिटं. मी शेजारीच उभा असायचो. पलीकडे लुसी.

"आवस खंय?"

"इगर्जेत गेली हा."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "आवशीक दी फोन."

"घसो बसलो हा तिचो. बोलाक जमणा नाय."

इनास खो खो हसला. "आवशीचो घसो बसलो? मगे वाडी गप झाली आसतली!" फोन ठेवूनही तो हसत होता. मी त्याला रॉकेलचे कॅन मोजायला पाठवलं, कारण मला त्याच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

नाताळची तयारी त्याने जोरात केली. रेशनच्या पेटीच्या फळ्या तासून चांदणी केली, डब्यांवरचे लाल-पिवळे कागद चिकटवले, आत टॉर्चचा छोटा बल्ब बसवला. बाहेर उजेड दिसता कामा नये, म्हणून ती बंकरच्या आत, बुखारीच्या वर टांगली. घरून आणलेली मूठभर नाचणी त्याने दुधाच्या डब्याच्या झाकणात पेरली होती. ती पिवळट, बारीक, आजारी पोरासारखी उगवली. "शेत पडीक गेला," म्हणून त्यावरही त्यानेच विनोद केला.  आईला जाऊन महिना झाला नव्हता आणि पोर चांदणीला बल्ब लावत होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ उघडलं आणि हेलिकॉप्टर आलं. टपालात इनासच्या नावाची कापडात शिवलेली पेटी होती. आत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. सगळे बुखारीभोवती जमले. झाकण उघडताच खोबऱ्याचा आणि वेलचीचा वास सुटला. कित्येक दिवस आम्ही रॉकेलशिवाय दुसरा वास घेतला नव्हता. एक पोरगा तर डब्यात नाक घालायला निघाला.

इनासने वरची नेवरी उचलली. उजेडाकडे धरली. मग दुसरी उचलली, तिसरी उचलली. माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होतं, म्हणून नेवरीकडे मी उशिरा पाहिलं. कड दातेरी होती. चाकाने कातलेली, एकसारखी, माझ्या घरच्या करंजीसारखी.

 डबा त्याने पोरांच्या हातात दिला आणि मला म्हणाला, "साहेब, जरा भायर येतास?"

बंकरच्या तोंडाशी आम्ही उभे राहिलो. वारा नव्हता.

"ह्यो आवशीच्या हातच्यो नाय."

"वय झाला तिचा. मुरड घालूक हात चलत नसतले."

"आमच्या घरात कातण नाय, साहेब."

मी हातमोज्यावरचा बर्फ झटकला.

"घरात मयत झाला काय त्या वर्सा आमी कढई चढवनव नाय. शेजारी करून देतत." तो माझ्याकडे बघत नव्हता, समोरच्या बर्फाकडे बघत होता. "तुमच्यातय तसाच मां?"

आमच्यातही तसंच. पण मी ते म्हणालो नाही. "खयचा काय काढतंस?" म्हणालो.

"माका सांगा, साहेब. एकदा तोंडान सांगा. मी रडान, आनी मगे ड्युटीर जायन. माझी आवस बरी आसा मां?"

आता विचार करा. मला हुकूम होता. त्याच्या बहिणीची विनंती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंक पेट्रोल, म्हणजे गस्तीची छोटी तुकडी, जायचं होतं, खालच्या पोस्टच्या माणसांना अर्ध्या वाटेवर गाठून रॉकेल घ्यायला. हेलिकॉप्टरने आणलेलं दोन दिवस पुरलं असतं. माझी दोन माणसं तापाने पडलेली. रोप लावायला इनास सोडून कोणी नव्हतं.

"बरी आसा," मी म्हणालो.

"माझ्या तोंडाकडे बघून सांगा."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. "तुझी आवस बरी आसा, इनास. आता भितर चल, पोरां वाट बघतत."

तो आत गेला. ताट भरलं, रुमाल टाकला, घरी करतात तसं एकेकाच्या पुढे नेलं. प्रत्येकाला दोन नेवऱ्या दिल्या. मला दिल्या. पोरांनी वाहवा केली, एकाने त्याच्या आईच्या नावाने जयजयकार केला. त्यालाही इनास हसला. स्वतः एकही खाल्ली नाही. मग सगळे आपापल्या कामाला लागल्यावर तो स्टुलावर चढला, चांदणीचा बल्ब काढला, चांदणी खाली उतरवली आणि कागदाला धक्का न लावता पेटीमागे उलटी ठेवली.

कोणीतरी ओरडलं, "अरे, लावली काय नि काढली काय?"

"सेल वाचवतंय," इनास म्हणाला.

मला काय ते कळलं. सुतकाच्या घरात चांदणी लावत नाहीत. त्याने मला पुन्हा काही विचारलं नाही.

सकाळी पेट्रोल निघताना मी म्हणालो, "तू आज रव. मी जातंय रोपवर."

"तुमका गाठ मारूक येता?" तो म्हणाला. हा त्याचा शेवटचा विनोद. पाळी त्याची होती आणि गाठ खरंच मला त्याच्यासारखी येत नव्हती. मी त्याला जाऊ दिलं. तीन माणसं, एक रोप, पुढे इनास.

नाळेजवळ, डोंगराच्या अरुंद घळीपाशी, वरचा बर्फ सुटला. आवाज पोस्टपर्यंत आला, एखादा ट्रक दगड ओततो तसा. मी सेट उचलला.

"पेट्रोल, मैं परब. रिपोर्ट दो. ओव्हर."

काही नाही. पुन्हा विचारलं.

"साहब, हम दो हैं." मागच्या जवानाचा आवाज. "इनास नीचे है. ओव्हर."

"रोप?"

"रोप टाइट है, साहब. खिंच नहीं रहा."

"रोप के साथ-साथ खोदो. मैं आ रहा हूँ. आउट."

आम्ही रोपच्या मागोमाग खणत गेलो. फावड्यांनी, मग हातांनी, मग मेसटिननी, जेवणाच्या पत्र्याच्या डब्यांनी. दुपार कलली तेव्हा सापडला. कमरेची गाठ तशीच होती, एक धागाही सरकला नव्हता. तोंडात बर्फ भरलेला. डोळे उघडे. मी डोळे मिटायला गेलो, पापण्या मिटेनात.

पोस्टवर आणून त्याचा पार्का, टोपीचा जाड कोट, उघडला. आत स्वेटरच्या डाव्या बाहीवर काळी पट्टी बांधलेली होती. काळ्या मोज्याचा वरचा भाग कापून केलेली. गाठ नेटकी, त्याच्या पद्धतीची. ती बघून मला रडू फुटलं. पोरांना वाटलं इनाससाठी रडतोय. ते खरंच होतं, पण सगळं खरं नव्हतं.

पट्टी मी सोडली आणि बुखारीत टाकली. घरी देह जाणार, बहीण तो बघणार, आणि तिला कळणार की हा आईचं जाणून गेला. तेवढं तरी तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं आणि हेलिकॉप्टर आलं. आई गेल्यावर त्याच्यासाठी त्यात जागा नव्हती. आता होती.

पुढच्या पावसाळ्यात मी पेन्शनीत निघालो. मालवणला जायला डिसेंबर उजाडला. आधी जमलं नाही असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे पाय उचलत नव्हता.

वाडीत घरोघर चांदण्या होत्या. इनासच्या घरावर नव्हती. आईचं वर्ष सरलं होतं, भावाचं सरायचं होतं. लुसीने खुर्ची दिली, सरबत दिलं. पोस्टवरचे त्याचे विनोद मी सांगितले, तिने तोंडाला पदर लावून ऐकले. मग म्हणाली, "एकच बरा झाला, परबांनू. आवस गेल्ली तेका कळला नाय. आवशीच्यो नेवऱ्यो म्हणान खाल्ल्यान, आनी हसत गेलो. मी तेवढ्यार जगतंय."

मी मान हलवली.

तिने ताट आणलं. नेवऱ्या, कुलकुलं, दोदोलाचे तुकडे. मी नेवरी उचलली आणि हातातच धरून राहिलो. कडेला मुरड होती. बारीक, घट्ट, दोरीचा पीळ घालावा तशी.

"तुका आवशीसारखी मुरड जमली गो, लुसी."

"मी खंयची करतंय? दुखवट्याचा घर. सुलूकाकीन धाडल्यान ताट."

सुलूकाकी पडवीतच बसली होती. साठीची, नऊवारीतली, काटक बाई. माझं आणि तिचं तोवर बोलणं झालं नव्हतं. मी नेवरी तिच्यापुढे धरली.

"काकी, ही मुरड तुमी घातलास?"

"मगे कोण?"

"मगे त्या वर्सा पोस्टवर इली ती कोणी केलेली?"

"मीच." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "मुरड माका येता रे. तेच्या आवशीनच शिकवल्यान. तीस वर्सां एका चुलीर बसलंव आमी."

"मगे कातण कित्याक फिरवलास?"

लुसी मध्येच म्हणाली, "घाई झाल्ली तिका. माका तसाच सांगलेल्यान."

"घाई नाय झाल्ली," काकी म्हणाली. "आवस मेली आनी झिलाक म्हायत नाय. तो थंय हसतलो, नाचतलो, चांदणी लावतलो. माका ता बघवला नाय. लुसीन माका देवाची शपथ घातलेली, फोनार बोलाचा नाय, चिठी धाडूची नाय. मी धाडूक नाय. पण कड कातू नको म्हणान कोण बोललेला?"

लुसी ताट हातात घेऊन उभी होती, तशीच राहिली.

काकीने माझा हात धरला. "खरा सांग, झिला. तेका कळला काय रे?"

माझ्यापुढे दोन बाया होत्या. एक, तिच्या भावाला कळलं नाही ह्यावर जगणारी. दुसरी, त्याला कळलं का एवढंच वर्षभर मनात घोळवणारी. एकीला द्यायचं ते दुसरीचं काढूनच द्यावं लागणार होतं. आणि ह्या वेळी मला कोणाचा हुकूम नव्हता.

"कळला," मी म्हणालो. "कड बघल्यान आनी कळला. चांदणी काढून ठेवल्यान. दुसऱ्या दिसा हातार काळी पट्टी बांधून गेलो. मी सोडलंय ती."

काकीने डोळे मिटले.  मग हळूच विचारलं, "माझ्यामुळे गेलो काय तो?"

"बर्फामुळे गेलो." हे मला माहीत आहे. गाठ सरकली नव्हती, हेही माहीत आहे. त्यापलीकडचं मला माहीत नाही, म्हणून मी बोललो नाही.

लुसीने ताट जमिनीवर ठेवलं. मला वाटलं ती आता माझ्यावर ओरडेल, किंवा काकीवर. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमका म्हायत, माका म्हायत, काकीक म्हायत," ती म्हणाली. "एकाच आवशीचा सुतक. आनी तेना एकट्यान पाळल्यान."

 मी उठलो तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

इगर्जीमागच्या दफनभूमीत आईच्या शेजारी त्याचा क्रूस आहे. त्यावर नंबर, हुद्दा, पलटणीचं नाव. लान्स नायक इनास फर्नांडिस. वय अठ्ठावीस. मी सलाम केला आणि उभा राहून मोठ्याने, मालवणीत सांगितलं, "इनास, तुझी आवस गेली रे." उशीर झाला होता, पण तोंडाने सांगितलं.

आता त्या घरावर चांदणी लागते. लुसी मला बोलावत नाही. दर नाताळला कसालच्या स्टँडवर एसटीचा कंडक्टर माझ्या हातात डबा देतो, सुलूकाकीने पाठवलेला. घरात नातवंडं झडप घालतात. मी त्यांना थांबवतो, वरची नेवरी उजेडाकडे धरतो आणि आधी कड बघतो.